गैरहजेरी घेणारे सर

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मी चिकलठाण्याच्या एका कारखान्याचं फाटक बंद केलं. घरात बसून, कणीक भिजत ठेवली होती तेवढ्या वेळात, शाईच्या पेनानं. फाटकाबाहेर अकरा बायका राहिल्या. त्यातली एकही मी तोवर पाहिली नव्हती. पाहिली नव्हती म्हणूनच इतकं छान लिहिता आलं.

हे आज आठवायचं कारण माझी नात. ती मॅनेजमेंट शिकते. परवा सोफ्यावर आडवी होऊन कुठल्याशा कंपनीची केस वाचत होती. मी विचारलं, काय झालंय गं त्या कंपनीला? म्हणाली, माणसं टिकत नाहीयेत. मी म्हटलं, मग त्यांना विचारा की, का टिकत नाहीत म्हणून. त्यावर ती मान वर न करता म्हणाली, "आजी, ते केसमध्ये दिलेलं नाहीये."

माझं डोकं असं सणकलं की गॅसवरचा चहा उतू गेला तरी कळलं नाही. हेच वाक्य, शब्दाला शब्द, मी तिच्या जन्माच्या कितीतरी आधी एका माणसाला ऐकवलं होतं. त्याच ठसक्यात.

तो माणूस म्हणजे आमचे सर.

आमच्या घराण्यात आधी पूजा सांगायचे, मग निजामाच्या कचेरीत कारकुनी करायचे, आणि मी सरकारी कचेरीत कारकुनी करत होते. म्हणजे प्रगती बघा. मला साहेब व्हायचं होतं. शहरात तेव्हा जो तो साहेब व्हायच्याच मागे होता. वाळूजच्या माळावर खुंट्या ठोकल्या होत्या, बजाजनगर अजून विटा आणि चुन्याच्या रेघा होतं, आणि चार माणसं जमली की प्लॉट, शेड, लायसन याशिवाय दुसरं बोलणं नाही. वरून पाऊस सलग तिसऱ्या वर्षी दडी मारून बसलेला. अशात एका संस्थेनं संध्याकाळचा मॅनेजमेंटचा डिप्लोमा काढला आणि मी नाव घातलं. नवऱ्यानं विचारलं, तिथं काय शिकवतात? मी म्हटलं, लोकांना कामाला कसं लावायचं ते. तो म्हणाला, मग तुला कशाला पाहिजे? तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही.

पहिल्या दिवशी वर्गात जे गृहस्थ आले ते मला संस्थेचे शिपाई वाटले. मळखाऊ शर्ट, पायात टायरची चप्पल, आणि हातात काळी छत्री. आभाळात ढगाचा फुटवा नाही आणि हे छत्री घेऊन. ती त्यांनी टेबलावर आडवी ठेवली, रोज ठेवत. एकानं धीर करून विचारलं तर म्हणाले, "पाऊस गैरहजर हाय, ते त्याचं त्यो बघंल. आपलं नाव त्यात नको."

सर पिशोरचे. घरी दखनी बोलत, बाहेर मराठवाडी, आणि इंग्रजी वाचताना ओळीखाली बोट धरत. एका कापडाच्या गिरणीत बावीस वर्षं टाइम ऑफिसात हजेरी मांडून, रात्रीच्या कॉलेजात डिग्र्या घेऊन ते इथवर आले होते. आम्हाला, म्हणजे शुद्ध बोलणाऱ्या आम्हा मंडळींना, हे म्हणजे स्वयंपाक शिकायला जावं आणि समोर भांडी घासणारी उभी राहावी तसं वाटलं. मी हे बोलूनही दाखवलं होतं, हळू आवाजात, शेजारच्या बाकावर. माझी जीभ त्या वयात फार चालायची. डोकं मागून येत असे.

सर हजेरी घेत नसत. गैरहजेरी घेत. वर्गावरून नजर फिरवायची, कोण नाही ते स्वतःच ओळखायचं, त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि विचारायचं, "कारण?" कुणीतरी सांगायला हवं. पोरगं तापलंय, बदली झालीय, सायकल पंक्चर आहे, काहीही. कुणालाच माहीत नसलं तर हजर असलेल्या सगळ्यांचा एकेक मार्क जाई. जो आला नाही त्याचा जात नसे. मार्क सतरापैकी देत. सतराच का, तर म्हणत, वीस ठेवले की लोक बेरजा करत बसतात, सतराला भागता येत नाही म्हणून गप राहतात.

या गैरहजेरीमागची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, तीही खडू शोधता शोधता. गिरणीत असताना एका माणसाच्या नावापुढं त्यांनी चार दिवस ओळीनं 'गै' लिहिलं होतं. पाचव्या दिवशी कळलं, तो सरकारी दवाखान्यात पडला होता. "त्याची बोटं आमच्याच मशीनमधी गेली व्हती बाई," ते म्हणाले, "अन मी त्याला गैरहजर लिवत व्हतो. अक्षर लई सुंदर व्हतं माझं." मग खडू सापडला आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

केस वाटण्याआधी ते तिचं शेवटचं पान फाडून खिशात घालत. शेवटच्या पानावर प्रश्न असतात: कंपनीनं काय करावं, व्यवस्थापकाचं कुठं चुकलं वगैरे. आम्ही तक्रार केली. सर म्हणाले, "कागदावर जे हाय ते मॅनेजरला आधीच ठाव हाय राव. तेवढ्यानं कारखाना सुधरला असता तर तुमची गरज काय? ह्यात कोण नाय ते हुडका."

ह्यात कोण नाही. वर्षभर हा एकच प्रश्न. आम्ही तक्ते काढून नेत असू. कंपनीची बलस्थानं, उणिवा, बाजार, स्पर्धक, रंगीत पेन्सिलीनं. सर तक्त्याकडं बघत, छत्रीच्या टोकानं मधली मोकळी जागा दाखवत आणि विचारत, इथं कोण उभं हाय? आम्ही म्हणायचो, कुणी नाही. ते म्हणायचे, हौ, तेच म्हणतोय मी.

तर एकदा सरांनी स्वतः लिहिलेली केस दिली. दोन पानं, सायक्लोस्टाइल केलेली. चिकलठाण्यातला एक कारखाना, पाणी उपसायच्या मोटारी बनवणारा. दुष्काळ पडलेला, जो उठतो तो बोअर पाडतोय, मोटारींना मागणी अशी की लोक आगाऊ नाव लावून बसलेत. आणि नेमकं याच वेळी उत्पादन घसरतंय. मोटारीची तांब्याच्या तारेची कॉइल बायका हातानं गुंडाळतात. बायका उशिरा येतात, कधी येतच नाहीत. फोरमन म्हणतो शिस्त नाही. मालक म्हणतो काहीतरी करा. इथं केस संपली, कारण पुढचं पान सरांच्या खिशात. आठ दिवसांनी उत्तर लिहून आणायचं होतं. जाताना ते म्हणाले, कारखाना लांब नाय, सिटी बस जाती.

मी गेले नाही. मला काय गरज? लायब्ररीत जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, त्यात गैरहजेरीवर आख्खं प्रकरण होतं. त्यावरून मी कणीक भिजेपर्यंत उत्तर लिहून काढलं. 'आठ वाजून पाच मिनिटांनी फाटक बंद करावे. तीन उशीर म्हणजे एक गैरहजेरी. तीन गैरहजेऱ्या म्हणजे नाव कमी.' काय ती वाक्यं! मला वाचताना स्वतःचाच धाक वाटला.

आणि आता खरी गंमत ऐका. ज्या संध्याकाळी मी हा कागद सरांच्या हातात दिला, त्या संध्याकाळी मी वर्गाला वीस मिनिटं उशिरा पोचले होते. आमच्याकडं नळाला तीन दिवसांनी पाणी येई, साडेपाचला. पिंप, बादल्या, पातेली, शेवटी लोटीभांडीसुद्धा भरून मी पदर पिळत पळत आले. सरांनी दारातच विचारलं, "नळ?" मी म्हटलं, हो सर. "सगळं भरून झालं का? मंग बसा." मी बसले, आणि ओल्या हातानं तो फाटक बंद करायचा कागद पुढं केला. कोपऱ्यावर पाण्याचा थेंबही पडला होता. इतकं होऊन माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. असली बुद्धी नुसत्या मूर्खाला येत नाही, त्याला थोडं शिकावं लागतं.

सरांनी सतरापैकी तीन दिले. खाली लिहिलं, 'कोण नाही?' मी तावातावानं उठले. म्हटलं, बायका उशिरा का येतात ते केसमध्ये दिलेलं नाहीये सर. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. खिशात हात घालून, फाडलेल्या पानाची घडी चाचपत.

मला मात्र तीन मार्क झोंबले. माझे एक चुलत दीर चिकलठाण्यातच मॅनेजर होते. त्यांचा कारखाना मोटारींचा, आणि ऑफिसपुढं हिरवंगार लॉन, तेही केसमध्ये होतं. म्हणजे केस त्यांचीच, हे मी ओळखलं होतं. मी कागद टाइप करून घेतला आणि रविवारी त्यांच्या घरी नेऊन दिला. भाऊजींनी तो चहा निवेपर्यंत वाचला. म्हणाले, वहिनी, हे आमच्या लोकांना का सुचत नाही? पुढच्या एक तारखेला तो जसाच्या तसा नोटीस बोर्डावर लागला. वर मला पर्सोनेलमध्ये जागाही देऊ केली. मी वर्गात ही बातमी मुद्दाम सर आल्यावर सांगितली. त्यांनी टेबलावरची छत्री उचलली आणि ते निघून गेले.

महिनाभर वर्ग झाला नाही. मग एके दिवशी आले, वर्गावरून नजर फिरवली आणि नावं घ्यायला लागले. कौसाबाई. शांताबाई. रझियाबी. एकेक करत अकरा. आमच्या वर्गात यातलं कुणीच नव्हतं. प्रत्येक नावाला विचारत, "कारण?" कुणाला काय माहीत? शेवटी म्हणाले, सगळ्यांचे अकरा मार्क गेले. उद्या सकाळी साडेसहाला चिकलठाण्याच्या मागच्या वस्तीवर या.

आम्ही गेलो. घागरी, डबे, तेलाचे पिंप, जे पाणी धरतं ते सगळं रांगेत लावलेलं, आणि प्रत्येकाशेजारी एक बाई. टँकर सहाला यायचा असे. सहाला आला नाही, सातला आला नाही. रांग सोडून गेलं तर नंबर जातो, आणि नंबर गेला की घरात दोन दिवस पाणी नाही. तिथून कारखान्याचं फाटक दिसत होतं. आठचा भोंगा झाला, पाच मिनिटांनी फाटक लागल्याचा आवाज रांगेपर्यंत आला, आणि त्यानंतर टँकर वळणावर दिसला. त्याच वेळी फाटकाच्या आत माळी लॉनवर पाइप धरून उभा होता. कारखान्याचा स्वतःचा टँकर पहाटेच येऊन गेलेला.

कौसाबाई मला तिथं पहिल्यांदा दिसली. उंच, काळीसावळी, बोटांच्या पेरांवर तांब्याच्या तारेचे बारीक वळ. तीन वर्षं कॉइल गुंडाळत होती, तिच्या हातची मोटार परत येत नसे म्हणे. नवरा दम्यानं घरात, दोन पोरी शाळेत, आणि तिच्या नोकरीवर सगळं. या सगळ्याजणी टेंपररी, त्यामुळं नाव कमी करायला नुसती एक रेघ लागली. सरांनी तिला माझं नाव सांगितलं नाही. मला मात्र तिची घागर धरायला लावली. घागर जड होती, असं मी घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, हे आठवलं की अजून लाज वाटते.

त्याच दुपारी मी भाऊजींकडं गेले. म्हटलं, चूक झाली, फाटक नऊला लावा. नाहीतर त्या लॉनचं पाणी पाळी सुटताना बायकांना हंडाभर द्या, त्या पहाटेपासून येऊन बसतील. माझ्या आयुष्यातलं पहिलं खरं उत्तर होतं ते, आणि त्याला पुस्तक लागलं नव्हतं. भाऊजी हसले. "वहिनी, आज हंडा दिला तर उद्या बादली मागतील. आणि मी काय मनानं केलंय का? तुमच्याच सहीचा कागद आहे."

संतापानं माझे कान तापले. कुणावरचा संताप ते सांगू? पाणी उपसायच्या मोटारी बनवणारा कारखाना, गवत पाण्यावर पोसतोय, आणि मोटारी बनवणाऱ्या बायकांना पाण्यापायी घालवतोय, आणि याला नाव काय तर शिस्त. ते नाव मी दिलं होतं. आजही कुणी 'मनुष्यबळ' म्हटलं की मला ती रांग दिसते. बळ म्हणे. दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन बघा, मग बोला बळाचं.

सरांनी दुसऱ्या दिवसापासून आपला वर्ग फाटकावर हलवला. आठला पाच कमी असताना ते तिथं उभे राहत, छत्री उघडून, कारण ऊन लागे. फाटक बंद झालं की मोठ्यानं अकरा नावं घेत आणि प्रत्येक नावानंतर, "कारण?" टँकरच्या रांगेतून बायका ओरडून सांगत, "पाणी!" पहिल्या दिवशी वॉचमन हसला. दुसऱ्या दिवशी हाकलायला आला. चौथ्या दिवशी सरांनी एक नाव चुकून गाळलं तर तोच म्हणाला, शांताबाई राहिली. आतली माणसं कामाला लागायच्या आधी खिडकीशी येऊन ऐकायला लागली. आणि आत नव्या भरलेल्या पोरींकडून तार तुटत होती, मोटारी जळून परत येत होत्या. कॉइल आठ दिवसांत शिकायची गोष्ट नाही, हे माझ्या त्या जाड पुस्तकात नव्हतं.

दोन आठवड्यांनी भाऊजींनी सातजणींना परत घेतलं. दया येऊन नव्हे, मोटारी परत येत होत्या म्हणून. चौघींना घेतलं नाही. सगळ्यात मोठ्यानं ओरडायच्या त्या या चौघी, आणि त्यात पहिली कौसाबाई. फाटकाची वेळ होती तीच राहिली. आत घेतलेल्या सातजणींनी घरातल्या पोरींना शाळा सोडवून टँकरच्या रांगेत उभं केलं. याला उत्पादन सुधारणं म्हणतात.

आणि सरांना संस्थेनं काढलं. कारखान्याकडून फोन आला होता, संस्थेचे अध्यक्ष आणि कारखान्याचे मालक एकाच पंगतीतले. पत्रात शिस्तभंग असा शब्द होता. पुढच्या वर्गाला एक टायवाले गृहस्थ आले, त्यांनी सरळ हजेरी घेतली. माझं नाव आलं तेव्हा उभं राहून म्हणायला हवं होतं, आमचे सर गैरहजर आहेत, कारण सांगा. वर्गात सगळ्यांच्या मनात तेच होतं, मला दिसत होतं. मी म्हटलं, "हजर." महिन्यावर परीक्षा होती. पहिला वर्ग मिळाला मला. ते प्रशस्तिपत्र कुठं आहे विचाराल तर सांगणार नाही. पिठाच्या डब्याखाली आहे.

सर पिशोरला परत गेले. बाजाराच्या दिवशी छत्री घेऊन फिरताना दिसतात, असं कुणी कुणी सांगे. मी एक लांबलचक पत्र लिहिलं, सात वेळा माफी मागितली. उत्तरात त्यांनी पाकिटातून केसचं ते फाडलेलं शेवटचं पान पाठवलं. त्यावर एकच प्रश्न टाइप केलेला होता: 'टँकर किती वाजता येतो?' बाकी पत्र नाही, सही नाही.

ते पान आल्यावर मला चैन पडेना. भाऊजींनी देऊ केलेली जागा अजून माझ्यासाठी राखलेली होती. पर्सोनेल ऑफिसर, स्वतंत्र टेबल, कामगारांची हजेरी माझ्याच ताब्यात राहणार. सासरची सगळी मंडळी पेढे आणायच्या तयारीत. मी भाऊजींच्या केबिनमध्ये गेले आणि नियुक्तीचा कागद त्यांच्यासमोर टराटरा फाडला. म्हटलं, असल्या कारखान्यात पाऊल ठेवणार नाही. तुकडे त्यांच्या टेबलावर सोडले. बाहेर पडताना माझी मान अशी ताठ होती की लॉनवरचा माळीसुद्धा उठून उभा राहिला.

आणि हे कौसाबाईला कळायला हवं, असं मला फार वाटलं. शोध काढत गेले. तिला बजाजनगरात काम मिळालं होतं, नवीन घरांच्या भिंतींवर पाणी मारायचं. दिवसभर हातात पाइप आणि पुढं भिजणारं सिमेंट. मी उन्हात उभी राहून सगळं सांगितलं. तो कागद मी लिहिला होता, हे सांगितलं. सरांनी काय केलं ते तिला माहीतच होतं. मग माझा त्याग सांगितला, नोकरी कशी लाथाडली, कागद कसा फाडला, भाऊजींचं तोंड कसं झालं. बोलता बोलता माझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता ती माझा हात हातात घेईल.

तिनं पाइपच्या तोंडावर अंगठा धरून पाणी अडवलं, म्हणजे मला नीट ऐकू यावं. मग म्हणाली, "मंग नाय कशाला म्हणलात, बाई? तुमी आत असत्या तर फाटकाची कडी तुमच्या हातात व्हती की."